दूरस्थ वेब सेवेला जाणारे कॉल अडवणे आणि गरजेप्रमाणे बदलणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यातील हॉटेले, पतसंस्था, दवाखाने आणि घाऊक व्यापारी यांची सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या प्रोग्रामरांसाठी हे पान आहे. अशा सॉफ्टवेअरचा बराचसा भाग दुसऱ्या कोणाच्या तरी सर्व्हरशी बोलत असतो : जीएसटीचे ई-इन्व्हॉइस, ऑनलाइन पैसे, एसएमएस, खोल्यांचे बुकिंग. तो सर्व्हर आपल्या ताब्यात नसतो, आणि क्लायंटचा कोडही पुष्कळदा एखाद्या साधनाने आपोआप तयार केलेला असल्यामुळे त्यालाही हात लावता येत नाही. या दोहोंच्या मध्ये जी जागा उरते, तिच्याविषयीचे हे प्रश्न आहेत. वाचकाला एचटीटीपीची तोंडओळख आणि एखादी प्रोग्रामिंगची भाषा येते असे गृहीत धरले आहे.

कॉल अडवणे म्हणजे नेमके काय?

आपण कोडमध्ये ‘बिल पाठव’ असे एखादे फंक्शन बोलावतो, तेव्हा दिलेली माहिती एक्सएमएल किंवा जेसनमध्ये मांडली जाते, तिला हेडर जोडले जातात, सर्व्हरशी जोडणी उघडते, बाइट बाहेर पडतात आणि उत्तर आले की हाच प्रवास उलट्या दिशेने होतो. या वाटेवर आपला कोड बसवता यावा म्हणून बहुतेक लायब्ररींनी ठरावीक जागा ठेवलेल्या असतात. तेथे बसवलेल्या कोडला कोठे हँडलर, कोठे इंटरसेप्टर, तर कोठे इन्स्पेक्टर म्हणतात. काम सगळीकडे सारखेच. गोव्याच्या सीमेवरील पत्रादेवीच्या नाक्यावर गाडी थांबवतात, कागद पाहतात, लागलाच तर शिक्का मारतात आणि माल न उतरवता गाडी पुढे सोडतात, तसेच हे आहे. नाक्यावरचा शिपाई मालाची किंमत ठरवू लागला तर मात्र घोटाळा होतो.

प्रत्येक कॉलच्या आधी लागणाऱ्या चार ओळी तेथेच लिहिल्या तर काय बिघडते?

कॉल तीन-चारच असतील तर काहीही बिघडत नाही, तसेच लिहावे. कॉल वाढले आणि ते निरनिराळ्या माणसांनी लिहिले, की एखाद्या ठिकाणी त्या चार ओळी राहून जातात, आणि नेमका तोच कॉल वर्षातून एकदा, आर्थिक वर्ष संपताना वापरला जातो.

मग कोणती कामे हँडलरमध्ये ठेवावीत आणि कोणती ठेवू नयेत?

कॉल कशाविषयी आहे हे न पाहता जे प्रत्येक कॉलला लागू पडते, ते हँडलरमध्ये शोभते : ओळख पटवणारे टोकन, सही, कॉलचा माग काढण्याचा क्रमांक, लागलेल्या वेळेची नोंद, लॉग, मजकुराचे आकुंचन. ज्यासाठी बॉडी उघडून ‘हे बिल कोणत्या प्रकारचे आहे’ असे विचारावे लागते, ते तेथे ठेवू नये.

हा नियम मोडणे किती खर्चिक ठरू शकते हे हॉटेलच्या भाड्यावरून दिसते. दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आणि त्यावरील खोल्यांचा १८ टक्के दर तसाच राहिला. समजा, पूर्वी कोणीतरी घाईत कराची ‘छोटीशी दुरुस्ती’ बिलिंगच्या कोडमध्ये न करता बाहेर जाणाऱ्या संदेशातच केली होती. आता दर बदलणारा माणूस बिलिंगचा कोड पाहील, तेथे दर बदलील, पडद्यावर आणि छापील बिलावर तो बरोबर दिसेलही. पण सेवेकडे पोहोचलेल्या संदेशात जुनाच दर असेल. हँडलर कोणी बोलावत नाही, तो आपोआप चालतो, म्हणून कोड वाचताना तो नजरेस पडत नाही. त्याचा हाच गुण आणि हाच दोष आहे, आणि त्यामुळे त्याच्यात व्यवहाराचा अर्थ शिरू देऊ नये असे आमचे ठाम मत आहे.

अडवण्याच्या जागा किती असतात?

ढोबळमानाने चार. पहिली, आपल्याच कोडमध्ये : तयार क्लायंटभोवती आपला एक वर्ग गुंडाळायचा आणि बाकीच्या प्रोग्रामने त्याच्याशीच बोलायचे. दुसरी, संदेशाच्या पातळीवर, जेथे एक्सएमएल किंवा जेसन तयार झालेले असते पण बाहेर पडलेले नसते. तिसरी, एचटीटीपीच्या पातळीवर, जेथे पत्ता, हेडर आणि स्टेटस दिसतात. चौथी प्रोग्रामच्या पूर्ण बाहेर, प्रॉक्सीच्या, म्हणजे वाटेत बसून कॉल पुढे नेणाऱ्या वेगळ्या प्रोग्रामच्या रूपाने. पहिल्या जागेला पुष्कळ जण कमी लेखतात. ज्या कामाला व्यवहाराचा अर्थ लागतो ते काम या गुंडाळलेल्या वर्गात सुखाने राहते, आणि तेथे ते वाचणाऱ्याला दिसतेही.

आमची सेवा सोप पद्धतीची आणि क्लायंट जावामध्ये आहे. काय काय सांभाळावे?

सोप ही एक्सएमएलमधील संदेशांनी सेवा बोलावण्याची पद्धत आहे. तिची १.१ आवृत्ती मे २००० मध्ये आणि १.२ आवृत्ती जून २००३ मध्ये आली, तरी तिच्यावर चालणाऱ्या सेवा आजही भेटतात. संदेशाची रचना दोन्हींत सारखीच आहे : बाहेर एन्व्हलप, त्याच्या आत ऐच्छिक हेडर आणि बॉडी. आपले काम बहुधा हेडरमध्ये असते.

जॅक्स-डब्ल्यूएस या जावाच्या वेब सेवांसाठीच्या लायब्ररीत दोन जातींचे हँडलर आहेत. लॉजिकल हँडलरला फक्त बॉडीतील मजकूर दिसतो, तर सोप हँडलरला हेडरसकट पूर्ण संदेश दिसतो. बाहेर जाताना लॉजिकल हँडलर आधी चालतात आणि सोप हँडलर नंतर. उत्तर येताना क्रम उलटतो. यादीत तुम्ही ते कसेही मिसळून लिहिले तरी या दोन गटांचा क्रम लायब्ररी आपणच लावते, हे माहीत नसल्यामुळे ‘मी पहिला लिहिला, तरी शेवटी का चालतो’ हा प्रश्न वारंवार येतो.

यानंतरच्या अडचणी ठरलेल्या आहेत. ‘हँडल मेसेज’ हे एकच फंक्शन दोन्ही दिशांना बोलावले जाते, त्यामुळे संदेश बाहेर जात आहे की आत येत आहे हे आधी तपासावे लागते. नाहीतर आलेल्या उत्तरातही टोकन घातले जाते. सर्व्हरने सोप फॉल्ट, म्हणजे चूक झाल्याचा संदेश, पाठवला तर ‘हँडल मेसेज’ चालतच नाही, ‘हँडल फॉल्ट’ चालते, म्हणून ज्यांनी लॉग फक्त पहिल्यात लिहिलेला असतो त्यांना नेमके चुकलेलेच कॉल लॉगमध्ये सापडत नाहीत. बाइंडिंगकडून हँडलरांची यादी मागितली की तिची प्रत मिळते. तिच्यात भर घालून यादी परत बसवली नाही तर हँडलर कधीच चालत नाही आणि त्याबद्दल कोणी तक्रारही करत नाही. सर्वांत चकवणारी गोष्ट ‘गेट हेडर्स’ या फंक्शनची आहे. उत्तरातील एखाद्या हेडरवर ‘मस्ट अंडरस्टँड’ची (हा समजलाच पाहिजे अशी) खूण असेल आणि आपल्याला तो हेडर समजतो असे कोणत्याही हँडलरने या फंक्शनमधून जाहीर केलेले नसेल, तर उत्तर अगदी बरोबर असूनही क्लायंट ते नाकारतो. सुरक्षेचे हेडर पाठवणाऱ्या सेवांबाबत हे हमखास घडते, आणि कोड तयार करणारे साधन मात्र ते फंक्शन रिकामेच तयार करून देते.

एका कॉलची माहिती हँडलरच्या स्वतःच्या चलात ठेवू नये. तोच हँडलर एका वेळी अनेक थ्रेडमधून चालू शकतो. कॉलपुरती माहिती मेसेज कॉन्टेक्स्टमध्ये ठेवावी.

जावाची आवृत्ती वाढवल्यावर सगळेच मोडले. का?

जॅक्स-डब्ल्यूएस जावा ६ पासून जावाबरोबरच येत असे. सप्टेंबर २०१८ मध्ये आलेल्या जावा ११ मधून ते काढून टाकले गेले. लायब्ररी आता वेगळी जोडावी लागते, आणि तिच्या नव्या आवृत्त्यांत पॅकेजचे नाव ‘जावाएक्स’ऐवजी ‘जकार्ता’ने सुरू होते. हँडलरचा कोड बहुधा जसाच्या तसा चालतो. फक्त आयात बदलाव्या लागतात.

डॉट नेटमध्ये हीच सोय कशी मिळते?

क्लायंट डब्ल्यूसीएफचा, म्हणजे डॉट नेटमधील सेवांसाठीच्या जुन्या लायब्ररीचा असेल तर ‘क्लायंट मेसेज इन्स्पेक्टर’ हा इंटरफेस वापरायचा. त्यात दोनच फंक्शने आहेत : एक विनंती पाठवण्यापूर्वी चालते, दुसरे उत्तर आल्यावर. पहिल्याने जी वस्तू परत दिली तीच दुसऱ्याला मिळते, त्यामुळे सुरुवातीची वेळ किंवा कॉलचा क्रमांक दुसऱ्या टोकाला नेण्यासाठी वेगळी खटपट लागत नाही. ही रचना जावाच्या रचनेपेक्षा नीटस आहे असे म्हणावे लागेल. इन्स्पेक्टर लिहून भागत नाही. एंडपॉइंट बिहेवियरमधून तो क्लायंटला जोडावा लागतो.

येथे पडणारा पहिला माणूस नेहमी एकाच खड्ड्यात पडतो. डब्ल्यूसीएफमधील संदेश एकदाच वाचता येतो. लॉगसाठी तो वाचला की तो संपला, आणि पुढे पाठवताना अपवाद फेकला जातो. म्हणून आधी बफरमध्ये प्रत करायची, एक प्रत लॉगसाठी वापरायची आणि दुसरी संदेशाच्या जागी ठेवायची. उत्तर मोठे असेल तर आणखी एक मर्यादा आडवी येते : येणाऱ्या संदेशाचा कमाल आकार मुळात ६५,५३६ बाइट इतकाच ठेवलेला असतो, आणि तो सेटिंगमधून वाढवावा लागतो.

सेवा साधी एचटीटीपीची असेल तर ‘डेलिगेटिंग हँडलर’ वापरावा. क्लायंट फॅक्टरीतून मिळत असेल तर हे हँडलर काही काळ राखून ठेवून पुन्हा वापरले जातात, मुळात दोन मिनिटे. त्यामुळे त्या क्षणी लॉगिन केलेल्या माणसाची माहिती हँडलर तयार होतानाच त्यात भरून ठेवली, तर एका कारकुनाच्या नावाने दुसऱ्याचे काम जाते.

मोबाइल ॲप आणि ब्राउझर यांत काही वेगळे आहे का?

अँड्रॉइडवर बहुतेक जण ओके-एचटीटीपी ही लायब्ररी वापरतात. त्यात ॲप्लिकेशन इंटरसेप्टर एका कॉलसाठी एकदाच चालतो, उत्तर कॅशमधून आले तरी. नेटवर्क इंटरसेप्टर प्रत्यक्ष जाळ्यावर जाणाऱ्या प्रत्येक विनंतीला चालतो, म्हणजे रिडायरेक्ट झाले तर पुन्हा, आणि उत्तर कॅशमधून आले तर मुळीच नाही. तेथेही उत्तराची बॉडी एकदाच वाचता येते, आणि इंटरसेप्टरमधून दुसऱ्यांदा प्रयत्न करण्यापूर्वी आधीचे उत्तर बंद करावे लागते.

ॲक्सिऑस या जावास्क्रिप्टच्या लायब्ररीत विनंतीचे इंटरसेप्टर उलट्या क्रमाने चालतात, म्हणजे शेवटी जोडलेला आधी. उत्तराचे मात्र जोडले त्याच क्रमाने. अँग्युलर या वेब फ्रेमवर्कमध्ये विनंती जागेवर बदलता येत नाही, तिची बदललेली प्रत पुढे द्यावी लागते. ब्राउझरच्या स्वतःच्या फेच या फंक्शनला अशी सोयच नाही; त्याच्याभोवती आपले फंक्शन गुंडाळावे किंवा सर्व्हिस वर्कर वापरावा.

ब्राउझरमध्ये एक गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवावी. सेवा दुसऱ्या डोमेनवर असेल आणि तुम्ही इंटरसेप्टरमधून स्वतःचा एखादा नवा हेडर घातला, तर ब्राउझर आधी ऑप्शन्स पद्धतीची पूर्वविनंती पाठवून सर्व्हरची परवानगी विचारतो. सर्व्हरने त्या हेडरला परवानगी दिलेली नसेल तर कालपर्यंत चालणारा कॉल आज बंद पडतो, आणि दोष सेवेवर टाकला जातो.

एकाहून अधिक हँडलर असतील तर क्रम कसा ठरवावा?

या पानावरील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न बहुधा हाच असावा, कारण प्रत्येक हँडलर सुटा तपासला तर बरोबर असतो आणि चूक फक्त क्रमात असते.

सही करणारा हँडलर बाहेर जाताना मजकूर बदलणाऱ्या सर्व हँडलरांच्या नंतर असला पाहिजे. सहीनंतर कोणी एखादी रिकामी जागा जरी बदलली तरी सही जुळेनाशी होऊ शकते, आणि ‘सही अवैध’ एवढाच निरोप येतो; कोणी काय बदलले हे सर्व्हर सांगत नाही. पुन्हा प्रयत्न करणारा हँडलर सहीच्या बाहेर ठेवावा, म्हणजे प्रत्येक प्रयत्नाला नवी सही होते. सहीत वेळ आणि एकदाच वापरायचा अंक असेल तर जुनाच सही केलेला संदेश पुन्हा पाठवल्यावर सर्व्हर त्याला नक्कल समजून नाकारतो, आणि तसे नाकारणे हे त्याचे कर्तव्यच आहे.

लॉग कोठे ठेवायचा याचे उत्तर त्याच्याकडून काय हवे यावर अवलंबून आहे. तो सर्वांत बाहेर असेल तर प्रोग्रामला काय वाटले ते कळते : एक कॉल, एक निकाल, एकूण लागलेला वेळ. सर्वांत आत असेल तर तारेवरून खरोखर काय गेले ते कळते : प्रत्येक प्रयत्न, प्रत्येक हेडर. सेवा देणाऱ्याशी वाद होतो तेव्हा दुसराच कामी येतो. शक्य असेल तर दोन्ही ठेवावेत, आणि दोन्हींत कॉलचा क्रमांक एकच ठेवून प्रयत्नाचा क्रमांक वेगळा लिहावा. कॉलचा क्रमांक कोणत्या हेडरमधून न्यावा याबद्दल सेवेने काही सांगितले नसेल तर ‘ट्रेसपॅरंट’ हा प्रमाण हेडर वापरावा; वेबची प्रमाणके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीने फेब्रुवारी २०२० मध्ये त्याला मान्यता दिली आहे आणि माग काढणारी बहुतेक साधने तो ओळखतात.

टोकनची मुदत संपली की हँडलरनेच नवे आणावे का?

होय, पण चार अटींवर. ४०१ (ओळख पटली नाही) आल्यावर नवे टोकन आणून तोच कॉल एकदाच पुन्हा करावा. दुसऱ्यांदाही ४०१ आले तर दोष टोकनचा नाही, परवानगीचा किंवा पासवर्डचा आहे, आणि फिरत राहिल्यास खाते बंद होण्याची भीती असते. टोकन आणण्याचा कॉल त्याच हँडलरमधून जाऊ देऊ नये, नाहीतर टोकनसाठी टोकन मागण्याचे अखंड चक्र सुरू होते. टोकन कोणत्या पत्त्यावर जात आहे ते तपासावे; एकच क्लायंट सगळ्या सेवांसाठी वापरला तर बँकेचे टोकन एसएमएस पाठवणाऱ्या कंपनीच्या लॉगमध्ये जाऊन बसते.

चौथी अट एका वेळी एकानेच टोकन आणण्याची. डिसेंबरच्या हंगामात सकाळी खोल्या रिकाम्या होण्याच्या वेळी काउंटरवरच्या सगळ्या संगणकांचे कॉल एकाच सर्व्हरवरून जात असतात, आणि टोकनची मुदत त्याच क्षणी संपली तर सगळ्यांना एकदम ४०१ मिळते. प्रत्येकाने आपापले टोकन आणले आणि सेवा नवे टोकन देताना जुने रद्द करत असेल, तर ते एकमेकांचे टोकन मारत राहतात. एकाने कुलूप लावून टोकन आणावे, बाकीच्यांनी थांबावे आणि कुलूप उघडल्यावर आधी नवे टोकन आले आहे का ते पाहावे.

पावसाळ्यात जोडणी वारंवार तुटते. हँडलरने आपोआप पुन्हा प्रयत्न करावा का?

सत्तरी किंवा काणकोणसारख्या भागात जून ते सप्टेंबर या काळात वीज आणि इंटरनेट यांचा भरवसा नसतो, त्यामुळे हा प्रश्न स्वाभाविक आहे. मात्र उत्तर सरसकट देता येत नाही, कारण ‘कॉल फसला’ या एका वाक्यात तीन निराळ्या गोष्टी दडलेल्या असतात. जोडणीच झाली नाही, तर पुन्हा प्रयत्न करण्यात काहीही धोका नाही. सर्व्हरने चूक म्हणून उत्तर दिले, तर त्या चुकीचा अर्थ पाहावा लागतो : ५०३ (सेवा उपलब्ध नाही) किंवा ४२९ (फार विनंत्या आल्या) असेल तर थांबून प्रयत्न करावा, आणि ‘रिट्राय आफ्टर’ हा हेडर आलेला असेल तर त्यात सांगितलेली वेळ पाळावी, ४०० असेल तर तोच चुकलेला मजकूर पुन्हा पाठवून काही मिळत नाही. तिसरी गोष्ट खरी अवघड आहे : विनंती गेली, आणि उत्तर येण्याआधी जोडणी तुटली. काम झाले की नाही हे येथे क्लायंटला कळूच शकत नाही.

गेट, पुट आणि डिलीट या पद्धती एचटीटीपीच्या प्रमाणकानुसार पुनरावृत्तीला सुरक्षित आहेत, म्हणजे त्या दोनदा पाठवल्या तरी परिणाम एकदा पाठवल्यासारखाच राहावा. पोस्टला हे लागू नाही, आणि सोपचे जवळजवळ सगळे कॉल पोस्टने जातात. म्हणून प्रत्येक कॉलला आंधळेपणाने पुन्हा प्रयत्न करणारा हँडलर बसवू नये. ज्या कॉलना सेवेनेच पुनरावृत्तीपासून संरक्षण दिले आहे, तेवढेच त्याच्या यादीत घालावेत.

ई-इन्व्हॉइस हे अशा संरक्षणाचे चांगले उदाहरण आहे. बिलाला मिळणारा ६४ अक्षरांचा आयआरएन (बिलाचा संदर्भ क्रमांक) हा पुरवठादाराचा जीएसटी क्रमांक, आर्थिक वर्ष, दस्तऐवजाचा प्रकार आणि दस्तऐवजाचा क्रमांक यांवरून काढलेला हॅश असतो. गोव्यातील व्यापाऱ्याचा, ३० या राज्यसंकेताने सुरू होणारा क्रमांक आणि तोच बिल क्रमांक घेऊन तेच बिल दुसऱ्यांदा पाठवले, तर नवा आयआरएन तयार होत नाही. नक्कल असल्याची चूक येते. ही चूक पाहून घाबरायचे कारण नाही. पहिला प्रयत्न पोहोचला होता एवढाच तिचा अर्थ आहे, आणि आधीच तयार झालेला तपशील मागवून घेतला की काम संपते. काही जण मात्र या चुकीवर उपाय म्हणून बिलाचा क्रमांकच बदलून पाठवतात. तसे कदापि करू नये. एका मालाची दोन बिले सरकारदरबारी नोंदली जातात आणि मग ती रद्द करण्याची धावपळ होते.

पैशांच्या कॉलबाबत पुन्हा पाठवण्याआधी आपल्या ऑर्डर क्रमांकाने स्थिती विचारावी. आणखी एक सूचना : दोन प्रयत्नांमधील अंतर वाढवत न्यावे आणि त्यात थोडा यादृच्छिकपणा ठेवावा. वीज परत आली की सगळी यंत्रे एकाच सेकंदाला जागी होतात, आणि एकाच तालात प्रयत्न करू लागली तर नुकताच उभा राहिलेला सर्व्हर पुन्हा बसतो.

वाट पाहण्याची मर्यादा किती ठेवावी?

लायब्ररीची मूळ मर्यादा काय आहे ते आधी पाहावे, कारण तीत फार फरक आहे. डॉट नेटचा एचटीटीपी क्लायंट १०० सेकंद थांबतो, डब्ल्यूसीएफ पाठवण्यासाठी १ मिनिट, ओके-एचटीटीपी जोडणीसाठी १० आणि वाचनासाठी १० सेकंद, तर ॲक्सिऑस आपण सांगितले नाही तर कितीही थांबतो. पाहुणा समोर उभा असताना १०० सेकंद ही मर्यादा निरुपयोगी आहे. पुन्हा प्रयत्न करणारा हँडलर असेल तर एका प्रयत्नाची आणि सर्व प्रयत्नांची मिळून अशा दोन मर्यादा वेगवेगळ्या ठेवाव्यात.

लॉगमध्ये काय लिहावे आणि काय लिहू नये?

पूर्ण मजकूर लॉग करणारा हँडलर लिहिणे सर्वांत सोपे, आणि म्हणूनच तो सर्वत्र आढळतो. पण गोव्यातील हॉटेलच्या संगणकावरून काय जाते याचा विचार करावा. परदेशी पाहुणा उतरला की त्याची माहिती ठरावीक फॉर्म भरून २४ तासांत कळवावी लागते, म्हणजे पासपोर्ट आणि व्हिसा यांचे क्रमांक यंत्रणेत असतातच. देशी पाहुण्यांचे आधार, पतसंस्थेच्या सभासदांचे पॅन, दवाखान्यातील आजार यांचीही तीच गत. हे सगळे साध्या मजकुराच्या फाइलमध्ये वर्षानुवर्षे साचत राहते, आणि ती फाइल ‘काहीतरी अडले आहे, बघा’ म्हणून व्हॉट्सॲपवर पाठवली जाते. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ चा आहे. अशा माहितीचे वाजवी संरक्षण करण्याची जबाबदारी तो माहिती हाताळणाऱ्या संस्थेवर टाकतो.

आमची शिफारस अशी की, लॉगमध्ये काय लिहायचे याची यादी करावी, काय लपवायचे याची नव्हे. लपवण्याची यादी कधीच पूर्ण होत नाही. सेवेत उद्या एक नवे क्षेत्र आले की ते उघडेच राहते. कॉलचा क्रमांक, सेवेचे नाव, वेळ, स्टेटस, आकार, आपला बिल क्रमांक एवढ्यावर बहुतेक तक्रारी सुटतात. आधार लिहावाच लागला तर शेवटचे चार अंक पुरेत. टोकन आणि पासवर्ड कोणत्याही परिस्थितीत लिहू नयेत. पूर्ण मजकूर लागेल तेव्हा ठरावीक वेळेपुरता चालू करता येईल आणि आपोआप बंद होईल अशी सोय ठेवावी. ‘आठवणीने बंद करू’ यावर विसंबू नये.

हँडलर बसवल्यापासून नावांतील अक्षरे बिघडतात. असे का?

हँडलर बाइटचे अक्षरांत आणि अक्षरांचे पुन्हा बाइटमध्ये रूपांतर करतो, आणि दोन्ही वेळा एकच संकेतन वापरत नाही, असे समजावे. पोर्तुगीज पासपोर्टवरील नावांत सी खाली शेपटी किंवा ए वर लाट असलेली अक्षरे येतात. यूटीएफ-८ मध्ये त्यांना प्रत्येकी दोन बाइट लागतात आणि जुन्या पाश्चात्त्य संकेतनात एकच. देवनागरीतील ‘पणजी’ हा शब्द चार चिन्हांचा, पण यूटीएफ-८ मध्ये १२ बाइटांचा. चिन्हे मोजून ‘कंटेंट लेंग्थ’ लिहिणारा हँडलर इंग्रजी मजकुरावर वर्षभर सुरळीत चालतो आणि पहिल्या मराठी पत्त्यावर संदेशाचा शेवट कापतो. जावामध्ये संकेतन सांगितले नाही तर मार्च २०२२ मध्ये आलेल्या जावा १८ पर्यंत ते यंत्राच्या सेटिंगवरून ठरत असे, म्हणून तोच कोड पर्वरीच्या कार्यालयात चालतो आणि ग्राहकाच्या विंडोजवर बिघडतो. संकेतन प्रत्येक ठिकाणी उघडपणे लिहावे, आणि लांबी शक्यतो लायब्ररीलाच मोजू द्यावी.

सेवेचे उत्तर चुकीच्या रचनेत येते. ते हँडलरमध्ये दुरुस्त करावे का?

सेवा देणाऱ्याने चूक मान्य केली असेल आणि ती सुधारेपर्यंत धंदा थांबवता येत नसेल तर करावे. नेमस्पेस चुकला आहे किंवा तारीख वेगळ्या मांडणीत येते, अशा यांत्रिक गोष्टींपुरतेच करावे. चूक आढळली तरच दुरुस्ती व्हावी आणि प्रत्येक वेळी तिची नोंद व्हावी. म्हणजे नोंदी यायच्या थांबल्या की तो कोड काढता येतो. रिकामे क्षेत्र आपल्या अंदाजाने भरणे किंवा चुकीचे स्टेटस ‘यशस्वी’ करणे ही दुरुस्ती नव्हे.

कोड न बदलता, बाहेरून कॉल पाहता येतील का?

फिडलर, मिटमप्रॉक्सी यांसारख्या साधनांनी पाहता येतात. टीएलएसने कूटबद्ध केलेला मजकूर उघडण्यासाठी त्या साधनाचे प्रमाणपत्र चाचणीच्या यंत्रावर विश्वसनीय म्हणून बसवावे लागते. अँड्रॉइड ७ पासून ॲप वापरकर्त्याने बसवलेल्या प्रमाणपत्रांवर मुळात विश्वास ठेवत नाहीत, त्यामुळे ॲपच्या चाचणी आवृत्तीत तशी परवानगी लिहावी लागते. प्रमाणपत्र पक्के बांधून ठेवणाऱ्या ॲपमध्ये तेवढ्यानेही भागत नाही. हे सगळे स्वतःच्या प्रोग्रामपुरते आणि चाचणीच्या माहितीवरच करावे.

यालाच जोडून एक विनंती : ‘प्रमाणपत्र तपासू नकोस’ असे सांगणारी ओळ इंटरनेटवर लगेच सापडते आणि चूक लगेच नाहीशी होते. ती ओळ ग्राहकाकडे गेली की वाटेतला कोणीही स्वतःला बँक म्हणवून घेऊ शकतो. तपासणी बंद करण्याऐवजी प्रमाणपत्राची साखळी का जुळत नाही ते शोधावे. यंत्राचे घड्याळ मागे पडलेले असणे हेही कारण निघते.

खरी सेवा न वापरता चाचणी कशी करावी?

अडवण्याची जागा येथे फार उपयोगी पडते. ओके-एचटीटीपीच्या इंटरसेप्टरने विनंती पुढे न देता स्वतःच उत्तर तयार करून परत दिले तरी चालते. डेलिगेटिंग हँडलरमध्येही तसेच करता येते. जॅक्स-डब्ल्यूएसच्या हँडलरने बाहेर जाणाऱ्या विनंतीच्या जागी उत्तर ठेवून ‘फॉल्स’ परत दिले, तर साखळी तेथेच उलटते आणि विनंती जाळ्यावर जातच नाही. यशस्वी उत्तराची चाचणी सगळेच करतात. उशिरा येणारे उत्तर, अर्धवट तुटलेले उत्तर, ४२९ आणि एकाच वेळी अनेक ४०१ यांची करावी. असा नकली हँडलर प्रत्यक्ष वापराच्या आवृत्तीत बसणारच नाही अशी व्यवस्था बिल्डमध्येच असावी.

जुन्या प्रोग्राममध्ये कोणीतरी हँडलर बसवला आहे, पण कोठे ते सापडत नाही. काय करावे?

आधी वर सांगितल्याप्रमाणे प्रॉक्सी लावून बाहेर पडणारा संदेश पाहावा आणि आपला कोड जे देतो त्याच्याशी ताडून पाहावा. फरक दिसला की काय शोधायचे ते कळते. जावामध्ये हँडलर चेनची वेगळी एक्सएमएल फाइल आणि वर्गावरील तिचा उल्लेख शोधावा. डब्ल्यूसीएफमध्ये ॲप कॉन्फिगमधील बिहेवियर एक्स्टेन्शनचा भाग पाहावा, कारण तेथे लिहिलेला इन्स्पेक्टर कोडमध्ये कोठेही उल्लेख नसताना चालतो. नव्या प्रोग्राममध्ये क्लायंट जेथे नोंदवले जातात ती सुरुवातीची फाइल वाचावी. एवढ्यानेही सापडला नाही, तर चाचणीच्या नकली पत्त्यावर कॉल करून मुद्दाम अपवाद फेकायला लावावा आणि स्टॅक ट्रेस वाचावा. मध्ये बसलेल्या वर्गाचे नाव त्यात बहुधा असते. सापडल्यावर तो काढण्याआधी, तो नसताना कोणता कॉल नाकारला जातो हे सेवेच्या चाचणी सर्व्हरवर पाहून घ्यावे, आणि तो कशासाठी आहे हे हँडलरच्या कोडमध्ये वर लिहून ठेवावे.